मडकं, ड्रम आणि कायदा

मंडळी, आपल्यापैकी ज्यांची पोरं परदेशात आहेत त्यांना ठाऊक असेल, तिकडे घरच्या घरी बिअर करण्याचा छंद फार. आणि त्या छंदातला पहिला वाद कुठला, तर आंबवायला भांडं कुठलं घ्यायचं? प्लास्टिकची बादली स्वस्त, पण आत ओरखडा पडला की त्यात जंतू घर करतात. काचेची मोठी बरणी लख्ख धुता येते, पण जड, आणि फुटली तर हातपाय कापणार. स्टील टिकतं, पण खिसा हलका करतं. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, आणि भांडं ज्याचं त्याने निवडावं!

आता आपल्याकडे या. मुंबई-नाशिक महामार्गावरचं, भिवंडी तालुक्यातलं वडपे. आजूबाजूला गोदामंच गोदामं. तिथे भांड्यांना काय तोटा? पण बिअर आंबवण्यासाठी म्हणून त्यातलं एखादं घरी आणून ठेवलंत, तर तो गुन्हा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मादक पेय बनवणं हा गुन्हा आहेच, पण त्यासाठी लागणारी भांडी बाळगणं हाही गुन्हा आहे.

हे सुरू झालं त्याच्याही आधी. ठाणे जिल्ह्यात वारली, कातकरी, ठाकूर मंडळी मोहाची फुलं वाळवायची, पाण्यात भिजवून आंबवायची, मग त्याची दारू गाळायची. किनाऱ्याकडे भंडारी माडावर चढून मडकी बांधायचे. मातीचं मडकं पाझरतं, म्हणून आतला रस थोडा गार राहतो. त्याच्या छिद्रांत मागच्या खेपेचं यीस्ट टिकून राहतं, म्हणून पुढची खेप लवकर फसफसते. परदेशातला छांदिष्ट ज्या 'अस्वच्छते'ला घाबरतो, तेच इथे विरजण होतं.

१८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. सरकारला महसूल हवा होता. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून दारू मोजक्या मोठ्या ठिकाणी गाळायची आणि मक्तेदारामार्फत विकायची, असं धोरण ठरलं. तरी घरोघरी मोह आंबतच होता. मग १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत खुद्द मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. अंगणात पडणारं फूलसुद्धा संशयित! फुलांवरची ही बंधनं महाराष्ट्र सरकारने २०२१ साली उठवली.

गंमत म्हणजे कायद्यालाही भांड्याचं महत्त्व पक्कं कळलेलं आहे. १९४९ च्या कायद्यात नीरेची व्याख्या करताना नुसता झाडाचा रस म्हणून भागत नाही. तो आंबणार नाही अशी प्रक्रिया केलेल्या भांड्यात उतरवलेला हवा. मडक्याला आतून चुना लावला तर नीरा, नाही लावला तर काही तासांत ताडी. झाड तेच, रस तोच.

बंदीने आंबवणं थांबलं नाही, भांडं मात्र बदललं. मडकं घरचं होतं, धुऊन-जपून पुन्हा वापरायचं. धाडीच्या भीतीने जे आलं ते टाकून पळता येईल असं: पत्र्याचे डबे, रबरी ट्यूब, आणि मग खाडीकाठच्या झुडपांत पुरलेले प्लास्टिकचे ड्रम. त्यात काळा गूळ आणि नवसागर. पोलिसांच्या बातम्यांत त्याला 'रसायन' म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे. सोडूनच द्यायच्या भांड्याची निगा कोण राखणार?

२०१५ च्या जून महिन्यात मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. ती आंबवण्यामुळे नव्हे, मिथेनॉलमुळे. पण पिणाऱ्याने ती दारू कुठल्या भांड्यातून आली हे पाहिलंच नव्हतं, पाहण्याची सोयच नव्हती. मोहाची दारू घरात होत होती तेव्हा ते भांडं घरातल्या बाईला माहीत असायचं.

मी दारूची वकिली करत नाहीये बरं का. दारूने बसलेले संसार मीही पाहिलेत. पण सव्वाशे-दीडशे वर्षांच्या या कायद्यांनी दारू गेली नाही, गेलं ते मडकं आणि त्याच्यासोबतची देखरेख. असो. तुमच्या आजोळी मोह किंवा ताडी कशात ठेवत, त्या भांड्याला काय म्हणत, हे घरातल्या जुन्या माणसांना जरूर विचारा. अजून सांगणारे आहेत तोवर.