विकासकाचे विरलीकरण

कृष्णधवल फिल्म धुताना विकासकाच्या मूळ द्रावात पाणी किती मिसळायचे, याची निवड. प्रमाण १+१, १+३, १+५० असे लिहितात. पहिला आकडा विकासकाचा, दुसरा पाण्याचा. घरी रोल धुणारे पुष्कळजण याकडे रसायनाची बचत म्हणून पाहतात. प्रत्यक्षात निगेटिव्हचा पोत आणि धुण्याच्या वेळेवरचा ताबा, दोन्ही या निवडीवर अवलंबून असतात.

कोडॅकचा डी-७६ (१९२७) आणि जवळपास तसाच असलेला इलफर्डचा आयडी-११ हे घरगुती वापरातले जुने, भरवशाचे विकासक. डी-७६च्या एक लिटर द्रावात मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट तब्बल १०० ग्रॅम असते. सल्फाइट विकासकाला हवेपासून जपते, शिवाय सिल्व्हर हॅलाइडचे कण किंचित विरघळवते. म्हणून मूळ द्रावात धुतलेल्या फिल्मचा ग्रेन, म्हणजे चित्रातला रवाळपणा, मऊ दिसतो. पाणी वाढले की ही क्रिया मंदावते. ग्रेन उठून दिसतो, कडा धारदार होतात. भरपूर प्रकाश पडलेल्या भागातला विरल विकासक लवकर थकतो, सावलीतला मात्र काम करत राहतो. भर उन्हात काढलेल्या चित्रांत उजळ भागांचा तपशील त्यामुळे वाचतो. फिल्म धुण्याची टाकी सतत हलवत राहिल्यास ताजा द्राव सगळीकडे पोचतो आणि हा लाभ बराचसा हातचा जातो.

पाणी दुप्पट म्हणून वेळ दुप्पट, असा हिशेब चालत नाही. एचपी५ प्लस ही फिल्म आयडी-११मध्ये २० अंश सेल्सिअसला मूळ द्रावात साडेसात मिनिटे, १+१ला १३ आणि १+३ला २० मिनिटे घेते. वेळ नेहमी उत्पादकाच्या तक्त्यातूनच घ्यावी. पाच मिनिटांहून कमी वेळेत फिल्म असमान धुतली जाण्याचा धोका असतो. ट्राय-एक्स ४०० ही फिल्म डी-७६च्या मूळ द्रावात २० अंशांना पावणेसात मिनिटे घेते, पण २४ अंशांना पावणेपाचच. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात नळाचे पाणी याहूनही गरम असते. तेव्हा बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवून द्राव गार करावा आणि १+१ वापरून वेळ सुरक्षित मर्यादेत आणावी. नवशिक्यासाठी तर बारा महिने १+१च उत्तम.

विरलीकरणाची खरी मर्यादा टाकीतल्या मूळ विकासकाच्या एकूण मात्रेने ठरते आणि नेमके तेच विसरले जाते. ३५ मिमीच्या एका रोलला पॅटरसन टाकीत २९० मिलि द्राव लागतो. १+३ केल्यास त्यात मूळ द्राव जेमतेम ७२ मिलि उरतो. अशा वेळी मोठ्या टाकीत जास्त द्राव घ्यावा. डी-७६ १+१साठी कोडॅक ३६ चित्रांच्या रोलला ४७३ मिलि द्राव सांगते. २३७ मिलिमध्ये धुतल्यास वेळ सुमारे १० टक्के वाढवायला सांगते.

अ‍ॅग्फाचे रोडिनाल (१८९१) मुळातच अतितीव्र असून ते १+२५, १+५० किंवा १+१०० असे वापरतात. ते ग्रेन लपवत नाही, म्हणून मुळातच बारीक ग्रेनच्या मंद फिल्मसाठी अधिक शोभते. १+१००ला २९० मिलित ते ३ मिलिपेक्षाही कमी पडते, त्यामुळे मोजायला सुईविना सिरिंज घ्यावी.

विरल केलेला विकासक लवकर निकामी होतो. तो धुण्याच्या वेळीच तयार करून एकदाच वापरावा. उरलेला बाटलीत परत ओतू नये.