सुई तीच, कारण नवं

१९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गन लुडविग आणि सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दिसायला ती यकृतं दारुड्यांची, पण या रुग्णांना दारूची सवय नव्हती. बहुतेक जण स्थूल होते आणि अनेकांना मधुमेह होता. साध्या चरबीपासून सूज, सुजेतून वण आणि वणांतून सिरॉसिस, अशी या आजाराची वाटचाल पुढे स्पष्ट होत गेली. त्यावर औषध नव्हतं आणि ती रिकामी जागा भरायला नव्या शतकाच्या सुरुवातीला मूळपेशी पुढे आल्या. त्या उपचाराचा इतिहास वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. पेशी टोचण्यामागचं कारण बदलत गेलं, टोचणं मात्र थांबलं नाही. मधुमेही यकृताच्या बाबतीत तर प्रश्नच मुळात चुकीचा मांडला गेला, असं माझं मत आहे.

पहिलं कारण मोठं मोहक होतं. अस्थिमज्जेतल्या पेशी यकृतात जाऊन यकृतपेशी बनतात, असं १९९९ आणि २००० सालच्या प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलं. आनुवंशिक यकृतदोषाचे उंदीर अशा पेशींनी जगले. पण २००३ मध्ये 'नेचर'मधल्या दोन शोधनिबंधांनी या कल्पनेतली हवा काढून घेतली. या पेशी यकृतपेशी बनत नव्हत्या, आधीच असलेल्या यकृतपेशींशी त्यांचा संयोग होत होता. तरी २००६ मध्ये जपानच्या यामागुची विद्यापीठात शुजी तेराई यांच्या गटाने सिरॉसिसच्या ९ रुग्णांना भूल देऊन कमरेच्या हाडातून सुमारे ४०० मिलिलिटर मज्जा काढली आणि तिच्यातल्या पेशी त्यांच्याच शिरेत सोडल्या. २४ आठवड्यांनी यकृत तयार करतं ते अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तात वाढलेलं दिसलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि बहुतेकांचं यकृत हिपॅटायटिसच्या विषाणूंनी बिघडलेलं होतं. मग दुसरं कारण पुढे आलं. पेशी स्वतः टिकत नसल्या तरी वण विरघळवणारे स्राव सोडतात, सूज शमवतात. हे खरंही असेल. पण ब्रिटनमधल्या ८१ रुग्णांच्या 'रिअलिस्टिक' चाचणीत तुलनेचा गट होता, आणि २०१८ मध्ये निकाल आला तो फायदा नसल्याचा.

इथे कोणी दक्षिण कोरियाचा दाखला देईल. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या ७२ रुग्णांच्या चाचणीत, मज्जेतल्या पेशी दिलेल्यांच्या यकृतातले वण खरोखर कमी झाले. आक्षेप वजनदार आहे. मात्र ते रुग्ण दारूमुळे आजारी पडले होते आणि त्यांनी सहा महिन्यांहून अधिक काळ दारू सोडलेली होती, म्हणजे इजा थांबली होती. मधुमेहात ती थांबत नाही. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात यकृताकडे चरबी येतच राहते. त्या माऱ्याने एरवी जीवनसत्त्व अ साठवून शांत बसणाऱ्या तारकापेशी चेतवल्या जातात आणि कोलॅजन विणू लागतात. छप्पर गळत असताना भिंत रंगवावी, तसा पेशींचा हा उपाय आहे. यकृताला पेशींची वानवा फारशी नसते. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापला, तर काही आठवड्यांत ते जवळपास भरून आलं. अर्थात सिरॉसिसच्या अखेरच्या टप्प्यात ही ताकद संपते. तिथे पेशींना वाव असू शकतो, हे मान्य करायला हवं. पण आजवर प्रत्यारोपणाची जागा त्यांनी घेतलेली नाही.

इजा थांबली की वण ओसरतात, याचा पुरावा मूळपेशींच्या दालनाबाहेरच जमत गेला. हिपॅटायटिस 'बी'वर टेनोफोव्हिर पाच वर्षं घेतलेल्या, सिरॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांच्या यकृतात सिरॉसिस उरला नव्हता, असं २०१३ मध्ये छापून आलं. फ्रान्समध्ये लील इथे वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या, दारूविना होणाऱ्या याच यकृतविकाराच्या, म्हणजे नॅशच्या, रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांचे वण पाच वर्षांनी कमी झाले होते, आणि त्यांना एकही पेशी टोचलेली नव्हती. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मान्य आजारांपलीकडे मूळपेशींचा वापर फक्त चाचणीतच करता येतो. ही सावधगिरी अनाठायी नाही. अमेरिकेत नॅशवरचं पहिलं औषध, रेसमेटिरोम, मार्च २०२४ मध्ये मंजूर झालं तेही यकृतातली चरबी हटवणारं. वर्षभरात औषधाच्या गटात सुमारे २५ टक्क्यांचे, तर औषध नसलेल्या नकली गोळीच्या गटात १४ टक्क्यांचे वण एका पायरीने तरी कमी झाले. फरक माफक आहे, पण तुलनेचा गट समोर ठेवून मोजलेला आहे.