धोट्याला लागलेले तोंड

मुंबईच्या गिरण्यांत साच्यावर, म्हणजे मागावर, काम मिळाले की घर सावरायचे. विणाई खात्यात कापडाच्या मापावर पगार. दोन साचे सांभाळणारा कामगार सूत काढणाऱ्यापेक्षा बरेच जास्त घरी नेई. माझ्या आजोबांची हयात मात्र सूत काढायच्या रिंग खात्यात गेली. हात चलाख होता, पण आम्ही महार.

अडचण धोट्याची, म्हणजे साच्यावर आडवे सूत नेणाऱ्या साधनाची, होती. कांडीवरचे सूत संपले की विणकर नवी कांडी धोट्यात बसवी आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा श्वासाने बाहेर ओढी. साच्यावरचा माणूस बदलला तरी धोटा तोच. अस्पृश्याचा उष्टा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. गावच्या पाणवठ्याचा कायदा वाफेच्या गिरणीतही चालू राहिला, आणि मालकांनी तो चालू दिला. धोट्याला इलाज नव्हता, असे मला कुणी सांगू नये. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्येच तोंडाने ओढायच्या धोट्यावर बंदी घातली होती.

1928 च्या एप्रिलमध्ये मुंबईतले दीडेक लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप ऑक्टोबरपर्यंत चालला. विणाई खाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी डॉ. आंबेडकरांनी लावून धरली. लाल बावट्याच्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी ती आढेवेढे घेत मागण्यांच्या यादीत घातली. समतेची भाषा बोलणाऱ्यांनाही ती मागून सुचावी, याचा मला अजून राग येतो. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. रेल्वेतही तेच होते: अस्पृश्य गँगमन म्हणून लागे आणि गँगमन म्हणूनच मरे. पोर्टरची जागा त्याला मिळत नसे, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत.

गिरणीत नोकरी ओळखीने लागे. साचेवाला जॉबरला, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाला, सांगून भावाला, मुलाला साच्यावर चिकटवी. आजोबांची ओळख रिंग खात्यातली, म्हणून वडीलही तिथेच लागले. शेजारच्या खोलीतल्या साचेवाल्याने गावी विहीर खोदली, मुलगा मॅट्रिक केला. आमची आत्या वर्गात पहिली यायची. चौथीनंतर तिचे नाव काढले. धाकट्या भावाची फी भरायची होती आणि त्या पगारात एकाचीच बसत होती.