राबाई मिशन

राबाई मिशन : आजच्या केनियाच्या किनारपट्टीवरील एक जुने ख्रिस्ती मिशनकेंद्र. मोंबासाच्या वायव्येस सुमारे २० किमी.वर, नारळीच्या बागांनी भरलेल्या टेकड्यांत ते वसले आहे. इंग्लंडमधील चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने १८४६ मध्ये ते सुरू केले. संस्थापक म्हणून योहान लुडविग क्राफ आणि योहानेस रेबमान या दोन जर्मन मिशनऱ्यांची नावे घेतली जातात, आणि त्यात वावगे काही नाही. पण राबाईत मंडळी उभी राहिली ती मुख्यतः नाशिकजवळच्या शरणपुरात वाढलेल्या आफ्रिकी स्त्रीपुरुषांच्या श्रमांवर. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ किंवा ‘नासिक बॉइज’ म्हटले आहे. त्यांतले कित्येक तेव्हा संसारी गृहस्थ होते, तरी ‘बॉइज’ काही सुटले नाही.

क्राफ १८४४ मध्ये मोंबासाला पोहोचले. त्याच वर्षी त्यांची पत्नी रोझिना व नवजात मुलगी तापाने दगावल्या. दोन वर्षांनी रेबमान येऊन मिळाल्यावर दोघांनी बेट सोडून राबाईच्या टेकडीवर बिऱ्हाड केले. राबाई लोक हे मिजिकेंडा या नऊ जमातींच्या समूहातील एक. शेती, नारळ आणि माडी यांवर त्यांचे जीवन चाले. जुन्या तटबंदीच्या वस्त्यांभोवती राखलेली त्यांची पवित्र वने (‘काया’) २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. कोकणातली देवराई माहीत असलेल्याला ‘काया’ फार समजावून सांगावी लागणार नाही. पूर्वज, पाऊस आणि ज्येष्ठांची सभा यांवर टिकलेल्या या समाजाने पाहुण्यांना राहू दिले, त्यांचे ऐकूनही घेतले, पण त्यांचा धर्म घेतला नाही. क्राफ काही वर्षांनी युरोपात परतले. रेबमान मात्र एकूण २९ वर्षे राहिले. १८४८ मध्ये किलिमांजारोवरचे बर्फ पाहिल्याचे त्यांनी कळवले, तेव्हा विषुववृत्ताजवळ बर्फ कसले, म्हणून लंडनच्या विद्वानांनी ते थट्टेवारी नेले. कोश, व्याकरण, भाषांतर यांत रेबमान गढून गेले, पुढे दृष्टीही गेली. १८७३ मध्ये मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर राबाईला आले, त्या वेळी तिथले ख्रिस्ती बोटांवर मोजण्याइतकेच होते.

शरणपूरचा संबंध : हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी अरबी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे. सुटका झालेल्यांत लहान मुले पुष्कळ असत. त्यांना आफ्रिकेत परत सोडावे तर पुन्हा पकडले जाण्याची भीती, म्हणून अनेकांना मुंबईला आणले जाई. त्यांतील काहींना सरकारने चर्च मिशनरी सोसायटीच्या हवाली केले. सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात नाशिकच्या वेशीबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली होती. धर्मांतरामुळे घरादाराला पारखे झालेले मराठी ख्रिस्ती तिथे राहत, आणि त्यांच्या शेजारीच या आफ्रिकी मुलांचा आश्रम होता. मुलांना लिहिणे-वाचणे, बायबल, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. शहर वाढत गेले तसे शरणपूर नाशिकच्या पोटात आले. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हा इतिहास ठाऊक असेल, कोण जाणे.

या मुलांतले नऊ जण १८६५ मध्ये संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी निवडले. नंतर त्यांच्या मदतीस पाठवलेल्या तुकडीतही शरणपूरचे तरुण होते. १ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. प्रार्थना म्हटली जेकब वेनराइट या शरणपूरच्या विद्यार्थ्याने, आणि झाडावर मजकूर कोरला तोही त्यानेच. मग मीठ लावून वाळवलेला देह झाडाच्या सालीत व कापडात गुंडाळून त्यांनी महिनोन्महिने पायपीट करत किनाऱ्याला आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत शवपेटीसोबत चालणाऱ्यांत वेनराइटही होता.

राबाईतील कार्य : १८६४ मध्ये व त्याच्या पुढेमागे विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे शरणपूरचे तरुण राबाईला आले. जोन्स मूळचे याओ जमातीचे. लहानपणीच विकले गेलेल्या या मंडळींपैकी अनेकांना आईबापांची भाषा आठवत नव्हती. किनाऱ्याची स्वाहिली त्यांना नव्याने शिकावी लागली. अंगावर कोट-पाटलोण, हातात इंग्रजी पुस्तक, आणि रंग मात्र गावकऱ्यांचाच. राबाईच्या लोकांना हे परदेशीच वाटले, युरोपियनांना ते आपल्या बरोबरीचे वाटले नाहीत. पुढची चाळीस वर्षे या दुहेरी परकेपणात गेली. तरी शाळा भरवणे, उपासना चालवणे, आजाऱ्यांकडे जाणे, भांडणे मिटवणे ही गावपातळीवरची कामे त्यांच्याच अंगावर होती. रेबमान खोलीत कोशाच्या नोंदी तपासत असत; बाहेरच्या पायवाटा या लोकांनी तुडवल्या.

फ्रेरेटाउन : १८७३ मध्ये झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा समुद्रमार्गे व्यापार बंद करण्याचा करार केला. त्यासाठी वाटाघाटी करायला फ्रेअर आले होते. मुक्त केलेल्यांना आता आफ्रिकेतच वसवावे, असे ठरले आणि ही कामगिरी शरणपूरच्या अनुभवामुळे प्राइस यांच्याकडे आली. १८७५ मध्ये मोंबासा बेटासमोर, खाडीपलीकडच्या मुख्य भूमीवर त्यांनी वसाहत उभारली आणि तिला फ्रेअर यांचे नाव दिले. शरणपूरहून व मुंबईहून शंभराहून अधिक आफ्रिकी इथे येऊन राहिले. आरमाराने गलबतांवरून सोडवलेली माणसे उपाशी, आजारी, नाना भाषा बोलणारी असत. त्यांना सांभाळणारे, शिकवणारे, कामाला लावणारे हेच होते. रहिवाशांना झोपडीपुरती जागा आणि शेताचा तुकडा मिळे. दिवस घंटेवर चाले : कामाला घंटा, शाळेला घंटा, प्रार्थनेला घंटा, आणि मोंबासाचे गुलाममालक चालून येत असल्याची हूल उठली तर इशाऱ्यालाही तीच. शिस्तीचा अतिरेकही झाला. १८८० च्या सुमारास फटके व कोठडी यांविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की ब्रिटिश अधिकाऱ्यांना चौकशी करावी लागली. गुलामीतून सुटलेल्या माणसाच्या पाठीवर मिशनच्या अंगणात पुन्हा फटके बसावेत, याचे समर्थन तेव्हाच्या काळाचे निमित्त सांगून करता येणार नाही.

पळून आलेल्यांचा प्रश्न : मिशनपुढील खरा पेच आरमाराने सोडवलेल्यांचा नव्हता, स्वतः पळून आलेल्यांचा होता. किनाऱ्यावर गुलामी अजून कायदेशीर होती. पळालेल्याला आसरा देणे म्हणजे मालकाच्या दृष्टीने चोरी. लंडनहून आणि झांजिबारच्या ब्रिटिश वकिलातीतून सबुरीच्या सूचना येत. राबाईत जोन्स यांनी त्या पाळल्या नाहीत असेच म्हणावे लागेल, कारण गाव फुगतच गेले. आलेले लोक झोपड्या बांधून, मका-कसावा लावून राबाईकर होऊन बसले. १८८८ मध्ये मोजदाद झाली तेव्हा राबाई व आसपासच्या मिशनकेंद्रांत मिळून सुमारे १,४०० फरारी आढळले. अखेर इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी राबाईत मुक्तिपत्रे वाटली गेली. मालकांना मोबदला आणि गुलामांना कागद, हा व्यवहार आजच्या वाचकाला खटकेल. कागद हाती आलेल्याला त्या दिवशी तो खटकला नसावा. या किनाऱ्यावरील गुलामी कायद्याने संपायला १९०७ साल उजाडले.

विल्यम जोन्स : बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी १८८५ मध्ये जोन्स व सेमलर यांना डीकन म्हणून दीक्षित केले. पूर्व आफ्रिकेच्या या भागातील ते पहिले आफ्रिकी अँग्लिकन धर्मसेवक. त्याच वर्षी मसाईंच्या मुलखातून आजच्या युगांडातील बुगांडाकडे निघालेल्या हॅनिंग्टन यांच्याबरोबर जोन्स होते. वाटेत एका मुक्कामी मोठा जथा जोन्स यांच्या हाती सोपवून बिशप मोजक्या हमालांसह पुढे गेले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बुसोगात मारले गेले. बातमी घेऊन चारच माणसे परत आली. खरेखोटे कळेना, तेव्हा जोन्स यांनी आठवडेच्या आठवडे वाट पाहिली. अन्न संपत आले, माणसे कुरकुरू लागली, तेव्हा कुठे ते माघारी वळले. फेब्रुवारी १८८६ मध्ये तो थकलेला तांडा राबाईत शिरला. पुढे धरलेल्या निळ्या पताकेवर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’ लिहिले होते. जुन्या करारात ते नाव शोकाच्या प्रसंगी येते, आणि वाचता येणाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज पडली नाही. एवढा जथा शेकडो मैल सुखरूप परत आणणे ही लहान गोष्ट नव्हती. हॅनिंग्टन यांच्या हौतात्म्यावर ग्रंथ निघाले. परतीच्या वाटेचा धनी त्यांत दुय्यमच राहिला.

नंतरचा काळ : पगार, घरे आणि अधिकार यांतील भेदभावावरून बॉम्बे आफ्रिकन व युरोपियन मिशनरी यांच्यात वारंवार खटके उडाले. जोन्स व सेमलर यांच्यासह काहींनी नाराजीने कामही सोडले होते. ब्रिटिश वसाहतीचा कारभार सुरू झाल्यावर शिकलेली पुढची पिढी सरकारी नोकरीत व रेल्वेत शिरली. फ्रेरेटाउनला सुरू झालेली धर्मशिक्षणाची शाळा पुढे लिमुरूला हलली आणि आज ती सेंट पॉल्स विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. फ्रेरेटाउनच्या मुक्त कुटुंबांतील जेम्स जुमा म्बोतेला यांनी ‘उहुरू वा वातुम्वा’ हे पुस्तक १९३४ मध्ये स्वाहिलीत प्रसिद्ध केले. मोंबासातील फ्रेरेटाउनच्या घंटेजवळच्या चौकाला अजून केंगेलेनी म्हणतात. राबाईच्या जुन्या चर्चमध्ये संग्रहालय आहे. त्याला नाव क्राफ यांचे आहे.