गोळी, पथ्य की झाडपाला?

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरासाठी अक्कलकोटला गेलो होतो. दुपारी चहा आला. बिनसाखरेचे कप वेगळ्या ताटात ठेवलेले होते आणि तेच आधी संपले. साहजिकच गप्पा मधुमेहावर गेल्या.

एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, ‘‘मी तर गोळ्या बंदच केल्यात. बिबळ्याच्या लाकडाचा पेला आणलाय. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी प्यायचं. वर चमचाभर गुडमारची पूड. गोळी म्हणजे शेवटी केमिकल की ओ सर!’’ शेजारच्या बाईंचे म्हणणे वेगळे होते. त्यांचे यजमान दरवर्षी पायी अक्कलकोटला येतात आणि त्या आठवड्यात त्यांची साखर उतरते. ‘‘चालण्यासारखं औषध नाही,’’ असे त्यांचे मत. एक तरुण शिक्षक मात्र दोघांवरही वैतागला होता. ‘‘डॉक्टरनं दिलेली गोळी गप घ्यावी, बाकी सगळं थोतांड,’’ असे म्हणून तो मोकळा झाला.

तिघेही विज्ञान शिकवणारे आणि तिघेही ठाम. पण ‘हे तुम्ही कशावरून म्हणता?’ हा वर्गात रोज विचारायचा प्रश्न त्या दिवशी कोणीच कोणाला विचारला नाही. मीही नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर मधुमेहाच्या उपचारांचा इतिहास थोडा चाळावा लागतो.

शंभर योजने चाला

हा आजार आपल्याकडे फार जुन्या काळापासून माहीत आहे. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या जातात, ही नोंद चरकसंहितेत सापडते. सुश्रुतसंहितेत तर रोग्यांचे दोन गट केले आहेत. एक जन्मतःच रोगाचे बीज घेऊन आलेला, कृश, तहानेने व्याकूळ असा. दुसरा चुकीच्या आहारविहाराने रोग ओढवून घेतलेला, स्थूल आणि खादाड. आज आपण ज्यांना पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतो, त्यांच्याशी हे वर्णन तंतोतंत जुळत नाही. पण दोन वेगळी माणसे समोर आहेत आणि त्यांना एकच उपाय चालणार नाही, हे ओळखणारी नजर त्यात नक्की दिसते.

सुश्रुतातला एक उपाय वाचून तर आश्चर्य वाटते. निर्धन रोग्याने पायात वहाण आणि डोक्यावर छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी! योजनाचे हिशेब वेगवेगळे आहेत. ते बारा-तेरा किलोमीटरचे धरले तर ही चाल हजार किलोमीटरच्या पुढे जाते. अक्कलकोटहून सोलापूरला जाऊन परत यायचे, तेही दहा-पंधरा वेळा! चरकाने अशा रोग्यांना जवाचे अन्न सांगितले आहे.

यातले चालणे आणि भरड धान्य आजच्या मोजमापांतही टिकते. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागतात. त्यामुळे बाईंच्या यजमानांचा अनुभव खोटा नाही. पण अनवाणी चालण्याचे काय? जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून अशा रोग्याला आज अनवाणी चालू नका असे बजावून सांगतात. एकाच जुन्या वाक्यातला एक भाग टिकला आणि एक सोडून द्यावा लागला. जुने म्हणून सगळे खरे नाही, आणि जुने म्हणून सगळे खोटेही नाही.

उपासाची ताकद आणि तिची मर्यादा

1870-71 साली जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला. शहरात अन्नाचा तुटवडा पडला. बूशार्दा नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले की आपल्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर या दिवसांत कमी झाली आहे. कमी खाणे आणि अंगमेहनत हा उपचार होऊ शकतो, या त्यांच्या मताला त्यामुळे बळ मिळाले.

1915 च्या सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी हा उपाय टोकाला नेला. ते रोग्याला कडक उपास घडवत आणि नंतर जेमतेम जगण्यापुरते अन्न देत. मुलांनाही हेच. त्यामुळे काही मुलांचे आयुष्य महिन्यांनी, क्वचित वर्षांनी वाढले, पण हाडांचे सापळे झाले. एलिझाबेथ ह्यूज ही त्यांची रोगी 1922 साली पंधराव्या वर्षाला टेकली होती. तिचे वजन 20 किलोच्या आसपास उरले होते.

पथ्य पाळण्यात या मुलांनी कसूर केली नव्हती. त्यांच्या स्वादुपिंडात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नव्हते. जे शरीरात नाही, ते पथ्याने कुठून येणार?

ते बाहेरून द्यावे लागले. कॅनडातल्या टोरांटो येथे 11 जानेवारी 1922 रोजी लेनर्ड थॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला. उपयोग फारसा झाला नाही, उलट सुई टोचली तिथे गळू झाले. कॉलिप या रसायनतज्ज्ञाने अर्क अधिक शुद्ध केला. 23 जानेवारीला तो दिला तेव्हा रक्तातली साखर 520 वरून 120 पर्यंत उतरली. लेनर्ड आणखी 13 वर्षे जगला. एलिझाबेथलाही इन्शुलिन मिळाले आणि ती 1981 सालापर्यंत जगली. लक्षात घ्या, हे इन्शुलिन गुराढोरांच्या स्वादुपिंडातून काढलेले होते, म्हणजे अगदी ‘नैसर्गिक’. पण कच्चा अर्क आणि शुद्ध, मोजून दिलेला अर्क यांत जीवनमरणाचे अंतर होते.

गोळीचे मूळ एका रोपात

आता गुरुजींच्या ‘केमिकल’कडे वळू. मधुमेहावर जगभर सर्वांत जास्त दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी एक म्हणजे मेटफॉर्मिन. तिचे घराणे शोधत गेलो तर आपण युरोपातल्या गॅलेगा नावाच्या, वाटाण्याच्या कुळातल्या एका रोपापाशी पोचतो. तिथल्या लोकवैद्यकात ते वापरले जाई. त्यात ग्वानिडीन वर्गातली द्रव्ये आहेत. ग्वानिडीनमुळे प्राण्यांच्या रक्तातली साखर उतरते, हे 1918 साली दिसले. पण ते विषारी होते. गॅलेगा खाऊन मेंढ्या मरत. त्याच कुळातले सिन्थॅलिन हे औषध 1920 च्या दशकात वापरात आले, आणि यकृताला अपाय होतो म्हणून मागे पडले.

मेटफॉर्मिन पहिल्यांदा तयार झाले 1922 साली डब्लिनमध्ये. माणसांवरील त्याचा उपयोग पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी प्रसिद्ध केला 1957 साली. त्याचे भावंड फेनफॉर्मिन 1970 च्या दशकाच्या अखेरीस बऱ्याच देशांत बंद करावे लागले, कारण काही रोग्यांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक प्रमाणात साठत होते. मेटफॉर्मिन मात्र टिकले. मूत्रपिंडे कमजोर असतील तर तेही जपूनच द्यावे लागते.

म्हणजे गोळी आणि झाडपाला या दोन जाती नाहीत. झाडपाल्याने किती दिला, कोणाला दिला, काय अपाय झाला या प्रश्नांची उत्तरे दिली की त्याचीच गोळी होते. उत्तर देता आले नाही की फेनफॉर्मिनसारखी गोळीसुद्धा बाद होते.

गुडमारची दोनदा परीक्षा

हेच प्रश्न आपल्याकडे गुडमारला विचारले गेले होते. गुडमारचे पान चावून वर साखर खाल्ली तर ती वाळूसारखी बेचव लागते. पानातली द्रव्ये जिभेवरची गोडाची जाणीव काही काळ बंद करतात. जिभेवरचा गोडवा मारते म्हणून रक्तातली साखरही मारत असेल, हा तर्क लोकांना सहज पटतो. पण जीभ वेगळी आणि रक्त वेगळे. रक्तातले रक्तातच मोजायला हवे.

कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिन संस्थेत रा. ना. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1928 साली ते मोजले. मधुमेही रोग्यांच्या रक्तशर्करेवर त्यांना काही परिणाम आढळला नाही. इकडे मुंबईत डॉ. के. एस. म्हसकर आणि फादर कायस यांनी 1930 साली गुडमारवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. प्राण्यांमध्ये साखर उतरते आणि हा परिणाम बहुधा स्वादुपिंडाला चालना मिळून होतो, असे त्यांचे निष्कर्ष होते.

हे दोघे वनस्पतींचे विरोधक नव्हते. भारतीय औषधी वनस्पतींवरील कीर्तिकर आणि बसू यांच्या मोठ्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती सिद्ध करण्यात दोघांचाही हात होता. पण त्यांनीच सापाच्या विषावर सांगितल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती तपासल्या आणि एकही उपयोगी नाही, असे 1931 साली छापले. आपल्या आवडत्या गोष्टीची परीक्षा घ्यायची आणि ती नापास झाली तर तसे लिहायचे, याला विज्ञान म्हणतात.

पुढे 1990 साली मद्रासच्या संशोधकांनी गुडमारचा अर्क दुसऱ्या प्रकारच्या 22 रोग्यांना दीड वर्षाहून जास्त काळ दिला. साखर उतरली, पाच जणांची नेहमीची औषधे थांबवता आली. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बिबळ्याच्या, म्हणजे विजयसाराच्या अर्काने नुकतेच निदान झालेल्या 97 पैकी 67 जणांची साखर 12 आठवड्यांत आटोक्यात आली. आकडे आशादायक आहेत. पण या चाचणीत तुलनेला दुसरा गट नव्हता. निदान झाल्यावर माणूस धास्तीने गोड सोडतो, चालू लागतो. मग श्रेय अर्काला किती द्यायचे आणि पथ्याला किती? शिवाय तो मोजून दिलेला अर्क होता. पेल्यातल्या पाण्यात रोज काय आणि किती उतरते, कोण मोजतो? काही ‘देशी’ पुड्यांमध्ये तर मधुमेहाच्या ॲलोपॅथिक गोळ्यांचीच भेसळ सापडलेली आहे.

तुलना कशी करावी

गोळी आणि पथ्य यांची समोरासमोर तुलना चेन्नईत झाली. तिचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. साखर वाढलेली, पण अजून मधुमेह न झालेली 531 माणसे घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. एका गटाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला आहार आणि चालण्याचा पाठपुरावा, तिसऱ्याला मेटफॉर्मिन, चौथ्याला दोन्ही. सुमारे तीन वर्षांत मधुमेह झालेल्यांचे प्रमाण असे :

नेहमीचा सल्ला – 55.0 टक्के
आहार व व्यायाम – 39.3 टक्के
मेटफॉर्मिन – 40.5 टक्के
दोन्ही – 39.5 टक्के

चालणे आणि जेवण सांभाळणे इथे गोळीइतकेच उपयोगी ठरले. तरुण शिक्षकाचे ‘बाकी सगळं थोतांड’ हे वाक्य इथे गळून पडते. पण पथ्य पाळूनही शंभरातल्या सुमारे 39 जणांना मधुमेह झालाच. तेव्हा ज्याला गोळी लागते त्याने पथ्यच पाळले नसणार, असा ठपका ठेवणेही अन्यायाचे. आणि हा निकाल मधुमेह होण्याआधीचा आहे. ज्याला दहा वर्षे मधुमेह आहे त्याने त्यावरून गोळी सोडू नये, ज्याचे स्वादुपिंड थकले आहे त्याने इन्शुलिन तर मुळीच नाही. काहींची औषधे पथ्याने खरोखर कमी होतात, पण तपासणी करत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

वर्गात हा धडा घेता येईल. पेल्याची परीक्षा कशी घ्याल, असे मुलांना विचारा. किती माणसे? गट कसे पाडायचे? दुसऱ्या गटाला कोणता पेला? तो बिबळ्यासारखाच दिसला पाहिजे ना? साखर कधी मोजायची? सातवी-आठवीची मुले यातल्या बहुतेक अडचणी स्वतःच शोधून काढतात.

ते गुरुजी नंतर पुन्हा भेटले. पायात मऊ, बंद बूट होते. पेला सुरू केल्यावर त्यांनी साखर तपासलीच नव्हती, ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर चालले होते. पावलाची जखम कळली नाही आणि डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. आता गोळ्या सुरू आहेत, सकाळचे फिरणेही सुरू आहे. पेला अजून घरात आहे म्हणाले, आणि शेजारी एक वही.

‘‘वही कशाला?’’ मी विचारले.

‘‘साखर लिहायला,’’ ते म्हणाले. ‘‘त्या दिवशी तुम्ही कुणीतरी मला विचारायला पाहिजे होतं की ओ सर, मोजली का म्हणून.’’