मुख्यमंत्री, महाराष्ट्राचे : मुदतीआधी संपलेल्या कारकिर्दी

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदाला राज्यघटनेने ठरावीक मुदत दिलेली नाही. अनुच्छेद 172 मधील पाच वर्षे विधानसभेची आहेत. अनुच्छेद 164 प्रमाणे राज्यपाल मुख्यमंत्री नेमतो आणि सभागृहाचा विश्वास असेपर्यंत तो पदावर राहतो. व्यवहारात मात्र सभागृहापेक्षा पक्षश्रेष्ठींची मर्जी अनेकदा आधी संपलेली दिसते. अमेरिकेत आठ राष्ट्राध्यक्ष पदावर असताना वारले, त्यांपैकी चौघांची हत्या झाली. राजीनामा दिला तो एकट्या रिचर्ड निक्सन यांनी (1974). महाराष्ट्रात पदावर असताना निधन एकाचेच झाले. राजीनाम्यांची रांग मात्र लांब आहे.

ते निधन मारोतराव कन्नमवार यांचे, 24 नोव्हेंबर 1963 रोजी. दोनच दिवस आधी डॅलस येथे जॉन केनेडी मारले गेले होते. तेथे उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्याच दिवशी शपथ घेतली आणि उरलेली मुदत त्यांची झाली. महाराष्ट्रात असा घटनेने ठरवलेला वारस नसतो. पी. के. सावंत यांनी काही दिवस हंगामी कारभार पाहिला व 5 डिसेंबरला वसंतराव नाईक आले, ते 1975 पर्यंत राहिले. नाईकांनंतर सलग पाच वर्षे पुरी केली ती देवेंद्र फडणवीस यांनी (2014–19). त्यांचीच पुढची कारकीर्द नोव्हेंबर 2019 मध्ये चार दिवसांत आटोपली.

रायगड जिल्ह्याने दोन मुख्यमंत्री दिले आणि दोघांनाही मधेच उतरावे लागले. आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले जून 1980 मध्ये मुख्यमंत्री झाले. निर्णयाचा धडाका हा त्यांचा गुण, आणि तोच त्यांना भोवला असे म्हणता येईल. संजय गांधी निराधार अनुदान योजना, जालना व सिंधुदुर्ग हे नवे जिल्हे ही त्यांची कामे. पनवेल तालुक्यातील गव्हाणसारख्या गावांच्या सातबाऱ्यावर कुलाब्याऐवजी रायगड जिल्हा आला तोही त्यांच्याच काळात, 1981 मध्ये. सिमेंट तेव्हा नियंत्रित होते. बांधकाम व्यावसायिकांना जादा सिमेंट देऊन त्या बदल्यात इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसाठी देणग्या घेतल्याचा आरोप झाला. मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांचा निकाल विरोधात गेल्यावर जानेवारी 1982 मध्ये अंतुले यांनी पद सोडले. रामदास नायक यांनी दाखल केलेला खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात गाजला. 1988 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने न्यायालयाचाच आधीचा आदेश रद्द केला. कायद्याच्या विद्यार्थ्याला अंतुले हे नाव आजही या निकालामुळे भेटते. नंतर ते केंद्रात आरोग्यमंत्री व अल्पसंख्याकमंत्री झाले.

दुसरे, माणगाव तालुक्यातील नांदवीचे मनोहर जोशी : शिवसेनेचे पहिले मुख्यमंत्री (मार्च 1995). शिवसेना-भाजप युतीचे बहुमत शाबूत असताना बाळासाहेब ठाकरे यांच्या आदेशावरून त्यांनी जानेवारी 1999 अखेर राजीनामा दिला आणि नारायण राणे आले. पुढे 2002 ते 2004 जोशी लोकसभेचे अध्यक्ष होते.

इतरांपैकी शिवाजीराव पाटील निलंगेकर मुलीच्या एम. डी. परीक्षेतील गुणांच्या वादामुळे (1986), विलासराव देशमुख मुंबईवरील 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर (2008) आणि अशोक चव्हाण ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटी प्रकरणामुळे (2010) पायउतार झाले. उद्धव ठाकरे यांनी जून 2022 मध्ये बहुमत चाचणीआधीच राजीनामा दिला. त्यामुळे त्यांचे सरकार पुन्हा आणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये सांगितले. जोशींनंतर रायगड जिल्ह्यातून कोणी मुख्यमंत्री झालेले नाही.