जोहार आणि जय भीम : अभिवादनातील स्वप्रतिमा

भेटीच्या प्रारंभीच मनुष्य समोरच्याच्या मनात स्वतःविषयी एक प्रतिमा उभी करू पाहतो, असे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रतिपादिले. परंतु ती प्रतिमा निवडण्याचे स्वातंत्र्य सर्वांस सारखे असते काय, हे इतिहासास विचारावे लागते. या दृष्टीने चंद्रपूर–गडचिरोली मार्गावरील मूल व भोवतालचा वनप्रदेश विचारार्ह आहे.

‘जोहार’ हा एकच शब्द येथे दोन अर्थांनी वावरला. गोंड समाजात तो परस्परांस करावयाचा नमस्कार होय. जोहारास जोहारानेच उत्तर मिळते. महार समाजास मात्र तो वरिष्ठ जातींपुढे, अंतर राखून, एकतर्फी उच्चारावा लागे. एकनाथांनी महाराच्या मुखी घातलेल्या जोहारांवरून या रूढीचे प्राचीनत्व ध्यानी येते. तेथील नम्रता हा स्वभाव नव्हे, लादलेली भूमिका होती.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, डॉ. आंबेडकरांनी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली. ‘जय भीम’ हे अभिवादन त्यापूर्वीचे. ते रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदासांस दिले जाते. धर्मांतरानंतर मात्र ते नव्या आत्मभानाचे नित्य चिन्ह बनले. त्यास त्याच शब्दांचे प्रत्युत्तर अपेक्षित असते. म्हणून बोलणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्याचीही परीक्षा होते. उत्तर टाळणारा आपली प्रतिमा आपणच उघड करतो.

तात्पर्य, अभिवादनाचे मर्म शब्दात नसून त्याच्या परतफेडीत आहे.